दुसऱ्याच्या मॅन्युअलला लिंक द्यावी की नुसतं नाव सांगावं?

खटपट्या
एकमेकांवर उभ्या असलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पांची मॅन्युअल्स हल्ली एकमेकांच्या पानांना सढळ हाताने लिंका देतात. माझं मत: देऊ नयेत. युनिक्स-लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘मॅन’ कमांडने उघडणाऱ्या मॅन पानांची जुनी रीत बघा. शेवटी ‘हेही पाहा’ आणि नुसतं प्रिंटएफ(३). कंसात १ असेल तर शेलची कमांड, ३ असेल तर सी-मधलं फंक्शन, गोंधळ नाही. आणि उघडतं ते वाचणाऱ्याच्या मशिनवर बसवलेल्या आवृत्तीचं पान. वेबवरच्या लिंकेला ही अक्कल नसते. पायथॉनच्या मॅन्युअलच्या पत्त्यात नुसता ३ ठेवला की ताजी आवृत्ती उघडते. तुमची लायब्ररी ३.९ वर अडकलेली असेल तर वाचणारा भलतंच वाचतो. ३.९ लिहून ठेवलं तर तो कायम जुनंच वाचतो. दोन्हीकडून मरण.

शब्दवेधी
अजिबात सहमत नाही. ‘बॅश(१) पाहा’ लिहून हात झटकले की वाचणारा एका अजस्र पानात भटकत बसतो. त्यातला नेमका परिच्छेद दाखवायची सोय या रीतीत नाही. आणि कच्चे पत्ते हाताने लिहायचेच कशाला? स्फिंक्समध्ये, म्हणजे साध्या मजकुरातून मॅन्युअल बनवणाऱ्या साधनात, मॅन्युअल बिल्ड झालं (तयार पानं बनली) की सोबत ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ ही सूची तयार होते: कुठलं फंक्शन, कुठलं शीर्षक, कुठल्या पानावर. इंटरस्फिंक्स हे त्याचं एक्स्टेंशन दुसऱ्या प्रकल्पाची ती सूची वाचतं. मी फक्त नाव लिहितो. त्यांनी पान हलवलं तर माझ्या पुढच्या बिल्डला लिंक आपोआप सुधारते.

खटपट्या
घोडं तिथेच पेंड खातं. तुमचं मॅन्युअल बिल्ड व्हायला आता त्यांचा सर्व्हर चालू पाहिजे.

पॅकेजवाली
डेबियन या लिनक्स वितरणात तर पॅकेज बिल्ड होताना नेटवर्कला हात लावायला मनाई आहे. म्हणून सूची मशिनवरच्या डॉक (मॅन्युअलच्या) पॅकेजमधून घ्यायची. इंटरस्फिंक्सच्या सेटिंगमध्ये पत्त्याच्या जोडीला स्थानिक फाइल देता येते, तेवढ्यापुरतं ठीक. पण ‘अ’च्या मॅन्युअलला ‘ब’ची सूची हवी आणि ‘ब’ला ‘अ’ची, तेव्हा काय? सूची जन्मते बिल्ड झाल्यावर. मग लिंका तुटक्या ठेवून ‘अ’, त्यावर ‘ब’, मग पुन्हा ‘अ’. कोडमधली असली गाठ कुणी खपवून घेतली नसती, डॉकमध्ये मात्र ‘चालतंय की’.

शब्दवेधी
सूची नाही मिळाली तर बिल्ड पडत नाही, इशारा येतो. इशाऱ्याला चूक मानायचा पर्याय आपणच लावतो.

मधलं पान
पडत नाही हेच तर दुखणं! क्लासचा संदर्भ सापडला नाही तर स्फिंक्स गप्प बसतं. मजकुरात नाव जसंच्या तसं दिसतं, फक्त लिंक गायब. वरवर चाळताना कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘निटपिकी’ हे सेटिंग चालू केलं तरच तक्रार येते. ते चालू ठेवा, पण रोजच्या बिल्डपासून वेगळं, रात्री. नाहीतर तिकडे कुणी शीर्षक बदललं म्हणून इकडे टायपो दुरुस्तीचा पॅच अडकतो.

जुना इन्फोवाला
टेक्सइन्फोत, म्हणजे ग्नू प्रकल्पाच्या मॅन्युअल लिहायच्या पद्धतीत, हे सगळं कधीच सोडवलंय. संदर्भाच्या आज्ञेला पाच खाने असतात. चौथ्यात दुसऱ्या मॅन्युअलच्या (पडद्यावर वाचायच्या) इन्फो फाइलचं नाव, पाचव्यात त्याचं छापील शीर्षक. एकच संदर्भ पडद्यावरही चालतो, कागदावरही. वेबचे पत्ते एका वेगळ्या फाइलीत, मजकुरात एकही नाही. आणि नोडचं, म्हणजे मॅन्युअलच्या एका विभागाचं, नाव बदलणाऱ्यानेच जुन्या नावाचा अँकर (लिंक जिथे पोचते ती खूण) मागे ठेवायचा. पायथॉनने २०२३ मध्ये ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे मॉड्यूल काढलं, तरी आज जुन्या पत्त्यावर ‘हे काढलं आहे, शेवटचं ३.११ मध्ये होतं’ सांगणारं पान आहे.

खटपट्या
पायथॉनकडे माणसं आहेत. दोघांच्या हौशी प्रकल्पाने कुणी कुठून लिंक दिली याचा हिशेब का ठेवावा? शीर्षक बदलणं हा त्यांचा घरचा मामला.

शब्दवेधी
फंक्शनचं नाव बदलताना डेप्रिकेशनची (‘हे आता वापरू नका’ अशी) नोट देता ना? अँकर तर एक ओळीचं काम.

खटपट्या
फंक्शन गेलं तर प्रोग्राम पडतो. शीर्षक गेलं तर माणूस सर्च करतो.

पॅकेजवाली
नेट नसलेल्या मशिनवर डॉक पॅकेज टाकून वाचणारे कुठे सर्च करणार? त्यांच्यासाठी आम्ही वेबच्या लिंका स्थानिक फाइलींकडे वळवतो. नुसतं नाव असेल तर वळवायला काही नाही. हाताने लिहिलेले पत्ते असतील तर पानोपानी पॅच. सूचीतून आलेली लिंक असेल तर सेटिंगमधली एक ओळ बदलली की झालं.