शब्दचर्चा : अंदाज, अनुमान, गृहीतक

प्रश्न : पाचवीचा लंबकाचा प्रकल्प आहे. साहित्य : सुती दोरा, लोखंडी वॉशर, सेकंदकाट्याचं घड्याळ. वहीत प्रयोगाआधीच्या रकान्याला 'गृहीतक' म्हणावं की 'अंदाज'? 'अनुमान' कुठे बसतं?

प्रतिसाद : 'गृहीतक' नको. गृहीत धरलं म्हणजे मानून चाललो. मग तपासायचं कशाला? 'अंदाज'च ठेवा, पण शेजारी 'कारण' असा रकाना हवाच. "वजन वाढवलं तर झोका लवकर परतेल, कारण जड वस्तू जोरात खाली येते" हे तपासून खोडता येतं. नुसतं "लवकर परतेल" म्हणजे मटका.

प्रतिसाद : अनुमान निरीक्षणानंतरचं. धूर दिसला म्हणून विस्तव असणार, हे न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, उदाहरण. १० झोक्यांना २५ सेंमी दोऱ्यावर १० सेकंद आणि ५० सेंमीवर १४, हे निरीक्षण. "दर २५ सेंमीला ४ सेकंद वाढतात, म्हणजे १०० सेंमीला २२" हे अनुमान. प्रत्यक्षात भरतात २०. चुकलेला आकडा पुसू देऊ नका. ७५ सेंमीवर मोजून बघायला तोच भाग पाडतो.

प्रतिसाद : त्याआधी 'झोका' म्हणजे काय ते ठरवा. जाऊन-येऊन एक. काही मुलं नुसतं जाणंच एक धरतात, मग वेळ निम्मा येतो. आणि सोडताना 'शून्य' म्हणायचं. 'एक' म्हणून सुरुवात केली की दहाच्या जागी नऊच झोके होतात.

प्रतिसाद : खरा घोळ 'निष्कर्षा'त आहे. वॉशर एकाखाली एक बांधले तर वजनाबरोबर लांबीही वाढते आणि मुलं बेधडक लिहितात, "वजनाने झोका मंदावतो". सगळे वॉशर एकाच हुकात अडकवा, लांबी खिळ्यापासून वॉशरच्या मध्यापर्यंत मोजा, बाजूला १० सेंमीपेक्षा जास्त ओढू नका. प्रत्येक मोजणी तीनदा. त्याच मांडणीच्या तीन मोजण्यांत अर्ध्या सेकंदाचा फरक येत असेल, तर वजन बदलून आलेला तेवढाच फरक धरायचा नाही. वाक्यही "वजनाने फरक पडत नाही" असं नको. "५० सेंमी दोऱ्यावर १ ते ४ वॉशरपर्यंत फरक आढळला नाही" असं लिहायला लावा.

प्रश्नकर्ता : आणि 'चल', म्हणजे प्रयोगात बदलणारी गोष्ट, हा शब्द?

प्रतिसाद : गणितात येईल तेव्हा येईल. वहीत दोन ओळी पुरेत : 'काय बदललं' आणि 'काय तसंच ठेवलं'. दुसरी ओळ रिकामी असेल तर दोरा हातात देऊ नका.