लाल रंग गेला कुठे?

ताई: पानगळीचे ३२ फोटो टाकलेत. आधीच सांगते, डोळ्यांना जो लाल दिसला तो एकातही नाही. सगळं धुतल्यासारखं आलंय.

मावशी: छान आहेत की गं!

दादा: सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढव, विषय संपला.

ताई: वाढवलं होतं. १४ नंबर बघ.

मामा: १४ झूम करून बघा सगळ्यांनी. पानाची एक शीर दिसतेय का? नुसता लाल चिखल. दादासाहेब, ही तुमची कृपा.

दादा: मी गप्प.

मामा: रंग कुठे गेलेला नाही, चकाकीखाली दबलाय. पानावर मेणचट थर असतो, त्यात आकाश चमकतं. १९ मध्ये पाने ओली आहेत, तिथे तर पांढरे चट्टेच. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारी काच, लावून तिची रिंग फिरवायची, चट्टे विरतात.

ताई: मामा, मोबाइलने काढलेत हो. रिंग कुठली फिरवू?

मामा: पोलराइज्ड गॉगल असेल ना? त्याची काच लेन्सपुढे धर आणि सावकाश फिरव. पाव फेरीत फरक कळतो. फक्त हात स्थिर ठेव, काच बराच प्रकाश खाते.

ताई: कुंडीतल्या रबराच्या झाडावर करून बघतेय. काही होत नाहीये.

मामा: पानासमोर नाकासमोर उभी असशील. तिरकी हो.

ताई: अय्या, गेली चमक! पान एकदम गडद हिरवं झालं.

दादा: मग पिवळी पाने बरी का आली? त्यांनाही मेण असतंच की.

मामा: बरोबर प्रश्न. लालाचं दुखणं आणखी एक आहे. उन्हातल्या लाल पानात कॅमेऱ्याचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी भरून जातो, मग त्यातले बारकावे गेले ते गेलेच. सॅच्युरेशन वाढवलं की तेच आणखी. म्हणून काढतानाच एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं खाली, उणे ०.७ पर्यंत. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर नको, तो ऊबदार रंग ‘सुधारायला’ जातो. डेलाइटवर ठेव.

आत्या: मला त्यातलं काही कळत नाही. पण २७ नंबर झक्कास. शिरा अगदी मोजता येतात.

मामा: कारण तिथे ऊन पानाच्या मागून येतंय. पानातून आरपार आलेला प्रकाश, वर चकाकी नाहीच. ताई, हा कसा सुचला?

ताई: २७ मी काढलेला नाही. छोटी झाडाखाली आडवी पडली होती, तिच्या हातात मोबाइल होता. मी तिला ‘ऊठ, कपडे मळतील’ म्हणून ओरडत होते.