गोव्यात घरावर छोटं सोलर: तुमचा अनुभव सांगा

फोंड्याजवळ आमचं कौलारू घर आहे, आईबाबा दोघंच असतात. मे महिन्यात वीज गेली की पंखे बंद, आणि पावसात एखादा माड तारांवर आडवा झाला की रात्र काळोखात. छोटं सोलर बसवायचा विचार आहे. विकणारे सगळे ‘बिल शून्य’ म्हणतात. ज्यांच्या पॅनलनी निदान एक पावसाळा काढलाय, त्यांचं ऐकायचंय. किती क्षमता, बॅटरी घेतली का, त्रास काय झाला, सगळं लिहा.

म्हापसा
बिल कमी करायचंय की वीज गेल्यावर दिवे हवेत, हे आधी ठरवा. आमचं ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज खात्याच्या लाइनीला जोडलेलं आहे, बॅटरी नाही. दिवसा उरलेली वीज वीज खात्याच्या लाइनीत जाते, रात्री आपण तिथूनच घेतो, नेट मीटर हिशेब ठेवतो. पण लाइनच गेली तर भर उन्हातही आमचं घर बंद. पॅनलची वीज घराला चालेल अशी करणारा इन्व्हर्टर तेव्हा मुद्दामच थांबतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या वीजेचा शॉक बसेल. सासूबाईंना हे आजतागायत पटलेलं नाही. ‘वर एवढं ऊन आणि खाली पंखा बंद, हे कसलं सोलर!’ हे आल्यागेल्याला ऐकवतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या सोलरला सबसिडी आहे: १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये मिळतात. त्यापुढे क्षमता वाढवली तरी रक्कम तीच. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. सबसिडी सिस्टिम चालू झाल्यावर खात्यात येते, तोवरची जुळवाजुळव आपली. गच्चीवर किलोवॅटमागे शंभरेक चौरस फूट जागा धरा.

वाळपई
तुमच्या आईबाबांना मला वाटतं आमच्यासारखं बॅटरीवालं लागेल. वरची सबसिडी ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमला आहे, आमच्यासारख्या सुट्या संचाला नाही.

पॅनलच्या आधी वहीपेन घ्या. आमचा हिशेब: ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास म्हणजे ६०० वॅट-तास, ९ वॅटचे चार बल्ब पाच तास म्हणजे १८०, १० वॅटचा राउटर दिवसभर २४०. एकूण १,०२०, म्हणजे एक युनिट. साधा पंखा ७५ वॅट खातो, तेव्हा पंखे बदलणं हे पॅनल वाढवण्यापेक्षा स्वस्त. फ्रिज, पंप, मिक्सर यात धरू नका.

त्यासाठी ३३० वॅटचं एक पॅनल आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली बॅटरी घेतली. कागदावर बॅटरीत १,८०० वॅट-तास आहेत, पण आम्ही निम्मेच वापरतो, नाहीतर ती लवकर मरते.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो. दुकानदार त्यातला स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकार गळ्यात मारायला बघत होता. तो इथे नको. हे पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास चालतं. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली ओढतो, करंट मात्र ९ अँपिअरच राहतो. ९ गुणिले १३, म्हणजे ११७ वॅट! एमपीपीटी हा दुसरा प्रकार महाग पडतो, पण पैसे दिलेलं पॅनल पूर्ण वापरतो. ३० अँपिअरचा पुरतो.

जुलैत मात्र झड लागली की पॅनल असून नसल्यासारखं. म्हणून बॅटरी लाइनवरही चार्ज होईल असा इन्व्हर्टर घ्या. चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीवरची (फळाफुलांच्या चौकटीवरची) लायटिंग आमच्याकडे लाइनवरच असते.

मांद्रे
समुद्राजवळचे लोक पॅनल निवडण्यात आठवडे घालवतात आणि स्ट्रक्चर फिटरवर सोडतात. उलट करा. गॅल्वनाइज्ड पाइप जागेवर कापला, भोक पाडलं, की तिथला जस्ताचा थर गेला. खारा वारा बरोबर तिथूनच शिरतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला झिंक पेंट समोर उभं राहून मारून घ्या. नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टीलचे.

काणकोण
आमच्याकडे पाहणी मे महिन्यात झाली. ‘सावली नाही’ असं लिहून गेले. मेमध्ये दुपारी सूर्य डोक्यावरच असतो, सावली पडणार कुठून? डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, आणि दक्षिणेच्या चाळीस फुटी माडाची सावली भर दुपारी तीसेक फूट लांब पसरते. एकाच झावळीची सावली पॅनलवर पडली तरी त्याचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. पाडेलीला (माडावर चढणाऱ्याला) बोलावून झावळ्या उतरवल्या, तेवढ्यापुरतं भागलं. दक्षिणेला कोणती झाडं आहेत ते आधी बघा, महिना कुठलाही असो.

डिचोली
लाल धूळ. ट्रकच्या रस्त्याकडेला असाल तर पॅनलपर्यंत नळ न्या. पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

पणजी, फ्लॅट
आमची सोसायटी ‘गच्ची कोणाची’ यावरच अडकलीय. लिहिण्यासारखा अनुभव आला की लिहीन.

फोंडा
सगळ्यांचे आभार. वाळपईकर, मंगळुरी कौलांवर पॅनल बसतं का?

वाळपई
बसतं, कौलं काढून हुक वाशांना धरतात. पण जुने वासे आधी सुताराला दाखवा, आणि फिटर चढला की कौलं फुटणार हे धरूनच चाला. एका पॅनलसाठी एवढं कशाला? आम्ही गोठ्याच्या पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा अंशांच्या उतारावर बसवलंय. शिडीशिवाय पुसता येतं. केबल मात्र जाड घ्या, १२ व्होल्टवर लांब अंतरात वीज वाटेतच गळते. कंट्रोलरपासून बॅटरी हातभर अंतरावर ठेवा.