सत्तर वर्षांचं पाप आणि शिक्षा कायमची, हा न्याय कसा?

प्रश्न: शेजारचे काका देवाला न मानताच गेले. मातीहून परतल्यावर काकूंनी माझा हात घट्ट धरून विचारलं, ते नरकात असतील का रे? मला बोलताच आलं नाही. माणूस जगतो सत्तर वर्षं आणि शिक्षा कधीच संपायची नाही, हे न्यायी देवाला कसं शोभतं?

उत्तर: ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनचं म्हणणं, खून मिनिटभरात होतो म्हणून शिक्षा मिनिटभराची नसते. 13व्या शतकात दुसरा ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणाला, देव अनंत म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधही अनंत. पण करणारा माणूस तर मर्यादितच ना, इथेच मी अडकतो.

उत्तर: बायबलमधलं मत्तय 25:46 नीट वाच, शिक्षा आणि जीवन दोन्हींना ‘सार्वकालिक’ हाच शब्द आहे, मूळ ग्रीकमध्येही एकच, म्हणून एक छोटं करून दुसरं तसंच ठेवता येत नाही. तरी चौथ्या शतकातल्या न्यिसाच्या ग्रेगरी या बिशपला शेवटी सगळे देवाकडे परततील अशी आशा होती, आणि तो संतच मानला जातो.

उत्तर: कॅथलिक चर्चने अमुक माणूस नरकात आहे असं आजवर कधीच जाहीर केलेलं नाही. काकूंना एवढंच सांग, आणि त्यांच्याजवळ बस थोडा वेळ.