रत्नागिरीत मुक्काम, तीन दिवस कसे लावावेत?

प्रश्न: डिसेंबरात रत्नागिरीत मुक्काम, स्वतःची गाडी, सोबत सत्तरीचे आईबाबा. गणपतीपुळे, हेदवी, पावस, पूर्णगड करायचंय. रोज रात्री परत यायचं आहे.

उत्तर १: उत्तरेकडची (गणपतीपुळे, हेदवी) आणि दक्षिणेकडची (पावस, पूर्णगड) ठिकाणं एका दिवसात मिसळू नका. गणपतीपुळ्याला महामार्गावरच्या निवळीचा वळसा नको, आरे-वारेमार्गे साधारण २५ किमी पडतं आणि समुद्र सोबत राहतो. संकष्टीला जाऊ नका, रांगेत आईबाबांचे हाल होतील. प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराभोवती, जवळपास एक किलोमीटर. ऊन चढायच्या आत करा. पाण्यात मात्र कुणीच पोहायला उतरू नये, तिथे ओढ जबर आहे.

उत्तर २: हेदवीला पूर्ण दिवस द्या. जयगडहून खाडीपलीकडच्या तवसाळला फेरीबोट गाडीसकट नेते. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच धक्क्यावर विचारा. ती चुकली तर खाडीला लांबलचक वळसा.

आणि हेदवीच्या किनाऱ्यावरची बामणघळ, म्हणजे लाटांचं पाणी उंच उसळतं ती खडकातली अरुंद घळ, भरतीलाच बघायची, ओहोटीला ती नुसती खडकातली भेग असते. जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सुमारे सव्वादोन, चतुर्थीला तीन. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदा म्हणजे एक असं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आधीच पोहोचा. लाटा फुटतात तिथला खडक ओला असतो, कडेला जाऊ नका.

उत्तर ३: दक्षिणेचा दिवस हलका आहे, तो शेवटी ठेवा. सकाळी पावस, मग पूर्णगड. किल्ला लहान, तासाभरात होतो. वेळ उरला तर पुढे कशेळीचं कनकादित्य सूर्यमंदिर.