उत्सव एका संध्याकाळीच संपवा

खेळ चालवताना कथेत तीन दिवसांचा उत्सव आणि रोज एक लढाई ठेवा, असं काही जण सुचवतात. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ते फसतं. रोज रात्री लाँग रेस्ट (पात्रांची मोठी विश्रांती) मिळते, स्पेल स्लॉट (जादू वापरायचा मर्यादित साठा) पूर्ण भरतात. मग विझर्ड (जादूगार) त्या एकाच लढाईत सगळे मोठे स्पेल झाडतो आणि फायटर (योद्धा), वॉरलॉक (दुसऱ्या प्रकारचा जादूगार) मागे पडतात. या दोघांची ताकद शॉर्ट रेस्टवर, म्हणजे छोट्या विश्रांतीवर परत येते आणि ती विश्रांती घ्यायची वेळच येत नाही.

त्यापेक्षा संध्याकाळी 6 ते मध्यरात्र एवढंच ठेवा. 8 तासांची लाँग रेस्ट बसत नाही, 1 तासाच्या दोन शॉर्ट रेस्ट आरामात बसतात. प्रत्येक रेस्टनंतर उत्सवाच्या चौकात काय बदललं ते मात्र सांगाच: मिरवणूक निघून गेली, अर्धे कंदील विझले. कथेतलं घड्याळ पुढे सरकताना खेळाडूंना दिसलं पाहिजे.