रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याला कोण कोण येतंय? (आणि सकाळच्या रागांचं)

ए-३०१ काकू: मंडळी, जानेवारीतल्या थिबा राजवाड्याच्या संगीत महोत्सवाला आपल्याकडून कोण कोण येतंय? नावं टाका, म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल. कार्यक्रम उघड्यावर असतो, दव पडतं. शाल घ्या.

बी-१०४: आम्ही दोघं आणि आई. आईला खाली बसवत नाही, खुर्ची लागेल.

सी-२०२: मीपण. पण काकू, खरं सांगू? पहिला अर्धा तास मला काहीच कळत नाही. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, सुरू झालं की मग छान वाटतं.

ए-३०१ काकू: विचारलंस ते बरं केलंस गं. यंदा माझ्या शेजारी बस. विलंबित एकताल १२ मात्रांचाच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, कधी कधी मिनिटभर चालतं. शब्द शोधत बसू नकोस. मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे पुन्हा पुन्हा येणारे शब्द, तबल्याच्या ज्या ‘धिं’वर येऊन टेकतो ती सम. तेवढी एकच जागा धर. चार-पाच आवर्तनांत मान आपोआप हलायला लागेल. आणि तंबोरे जुळवताना गप्पा नकोत रे कुणी. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात शेवटची भैरवी चालू असताना लोक चपला शोधत होते. फार वाईट वाटलं.

बी-४०३ काका: अगदी खरं. मला आणखी एक खुपतं. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतात आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावरचे लाऊडस्पीकर साधारण १० ला बंद. नियम योग्यच आहे, घराघरात आजारी माणसं असतात. पण रागांच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे आपल्या वाट्याला संध्याकाळ-रात्रीचे यमन, पूरिया, बागेश्री एवढंच येतं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तो पुढे रात्र रात्र चालायचा. आता दुपारीच सुरू होतो, म्हणून तिथे निदान दुपारचे मुलतानी, भीमपलास तरी मिळतात. पहाटेचा ललत मी समोर बसून ऐकला त्याला १८ वर्षं झाली. रेकॉर्डिंग घरात आहेत, पण गाणारा पहिला षड्ज (सा) लावतो आणि बाहेर अजून उजाडायचं असतं, ते त्यात कुठून येणार?

तर माझं म्हणणं, आपल्या हॉलमध्ये एका रविवारी सकाळी साडेसहाला बैठक करू. माईक नको. माझी भाची मिरजेचा तंबोरा घेऊन यायला तयार आहे. आधी ललत, ऊन वर आलं की तोडी.

ए-३०१ काकू: करूच! पण भाची म्हणून फुकट नको हं. तिला, तबलजीला आणि पेटीवाल्यांना रीतसर बिदागी. माझे १,००० आत्ताच धरा.

सी-२०२: माझे ५००. पोहे, चहा माझ्याकडे, पण गाणं संपल्यावर. मध्ये कपबश्या वाजायला नकोत.

कार्यवाह: हॉल विनाशुल्क. एकच अडचण, ७ ला पंप सुरू होतो आणि त्याची घरघर थेट हॉलमध्ये येते. त्या रविवारी पाणी पहाटे ५ ला चढवून ठेवतो. सगळ्यांनी बादल्या आदल्या रात्री भरून ठेवा.

बी-४०३ काका: फार उपकार झाले. तबला मात्र शनिवारी रात्री माझ्याकडेच ठेवा. हॉलची समुद्राकडची खिडकी नीट लागत नाही, दमट हवेनं पुडी (तबल्याचं कातडं) उतरते.

बी-१०४: सुतार उद्या आमच्याकडे येतोय, ती खिडकीपण दाखवते त्याला.